दिवसाला एक मिलिमीटर

दादाच्या पायाला मोडलेलं हाड जुळवण्यासाठी बाहेरून बसवलेली धातूची रिंग निघून आता बरेच महिने झालेत आणि मी हे लिहायचं लिहायचं म्हणत टाळत होते, कारण सुरुवात कुठून करायची तेच सुचत नव्हतं. मग परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला, तिच्या वडिलांना टीचिंग हॉस्पिटलला, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, हलवायला सांगितलंय आणि ती पार घाबरून गेलीये. "तिथे शिकाऊ डॉक्टर हात लावतात ना गं?" असं तिने विचारलं. तिला फोनवर सांगायला लागले ते दीड तास चाललं. फोन ठेवला आणि वाटलं, हे आता लिहूनच काढावं, कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हाच प्रश्न मी रडत रडत तीन जणांना विचारला होता.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. इथे जे आहे ते दादाच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून ऐकलेलं, विचारून विचारून समजून घेतलेलं, आणि मग घरी येऊन वाचून पडताळलेलं आहे. तुमच्या माणसाचा पाय वेगळा, त्यामुळे तुमचे डॉक्टर सांगतील ते खरं.

दादाला मोटरसायकलचा अपघात झाला. नडगीचं हाड मोडून कातडी फाडून बाहेर आलं होतं, जखमेत माती होती. जवळच्या हॉस्पिटलात त्याच रात्री जखम धुतली, हाडात रॉड टाकला आणि कातडी ओढून टाके घातले. तेव्हा आम्हाला वाटलं बरं झालं, एका रात्रीत सगळं उरकलं. तिसऱ्या आठवड्यात टाक्यातून पस यायला लागला. त्यानंतर जवळजवळ सात महिने आम्ही एकच गोष्ट करत होतो, पस आला की स्वॉब (कापूस फिरवून घेतलेला नमुना) तपासायला द्यायचा, रिपोर्टमध्ये जे औषध लिहून येईल ते दहा दिवस खायचं, पस थांबला की खूश व्हायचं, आणि परत पंधरा दिवसांनी चादरीवर डाग. हाड भरून येत नव्हतं. विचारलं की "येईल, वेळ लागतो" एवढंच उत्तर मिळायचं. कोणावर आरोप करायला मी हे लिहीत नाहीये, पण त्या सात महिन्यांत आम्हाला एकदाही कोणी समोर बसवून हाड का जुळत नाहीये हे सांगितलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

टीचिंग हॉस्पिटलला गेलो त्या पहिल्या दिवशी दादाने अपघाताची गोष्ट चार वेळा सांगितली. आधी इंटर्नला, मग पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला (रेसिडेंट म्हणजे डॉक्टर होऊन पुढचं शिकत वॉर्डात काम करणारे), मग तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंट मॅडमना आणि मग लेक्चरर सरांना. तिसऱ्या वेळेला मी चिडले होते, म्हटलं एकमेकांना विचारून घ्या ना, माणूस किती वेळा तेच तेच सांगणार. पण झालं काय की चौथ्या वेळी सरांनी विचारलं, शेवटची अँटिबायोटिकची गोळी कधी घेतली, आणि दादा म्हणाला आज सकाळी. आधीच्या तिघांना त्याने "गोळ्या चालू आहेत" एवढंच सांगितलं होतं. सरांनी वळून इंटर्नकडे बघितलं आणि विचारलं, "मग आता ऑपरेशन कधी करता येईल?" तो गप्प. तेव्हा सर म्हणाले, दोन आठवडे थांबायचं आणि सगळी अँटिबायोटिक्स बंद.

आम्ही हादरलोच. पस वाहतोय आणि औषध बंद? वहिनी तर म्हणाली परत घरी जाऊ या. संध्याकाळी त्या रेसिडेंट मॅडम परत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि समजावून सांगितलं. रॉडवर आणि मेलेल्या हाडावर जंतूंचा एक बुळबुळीत थर बसतो, पाण्यातल्या दगडावर शेवाळ धरतं तसा, त्याला बायोफिल्म म्हणतात. गोळी रक्तातून जाते, आणि त्या मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही, मग औषध पोचणार कसं. वरवरचा पस तेवढा कमी होतो. आणि जखमेच्या तोंडाशी कापूस फिरवून घेतलेल्या स्वॉबमध्ये बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू सापडतात, आत हाडात कोण बसलंय ते कळत नाही. ते कळायला ऑपरेशनच्या वेळी आतून, खोलवरून, निरनिराळ्या जागचे किमान पाच तुकडे घ्यायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळं स्वच्छ हत्यार, आणि त्याआधी साधारण दोन आठवडे अंगात अँटिबायोटिक नको, नाहीतर जंतू असूनही प्रयोगशाळेत वाढत नाहीत आणि रिपोर्ट खोटा कोरा येतो. अर्थात अंगात ताप चढून माणूस अत्यवस्थ असेल तर असं थांबत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. सात महिन्यांत जे कळलं नव्हतं ते वीस मिनिटांत कळलं. मी त्या रात्री एक वही केली, आणि ती शेवटपर्यंत चालवली.

नडगीचं हाडच इतकं का त्रास देतं हेही मला तिथेच समजलं. स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून बघा, कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये मांसच नाही. हाड मोडल्यावर त्याला रक्त मिळतं त्याचा मोठा वाटा आजूबाजूच्या स्नायूंतून येतो, त्यामुळे पुढच्या बाजूला हाड उघडं पडलं की ते लवकर मरतं. अशा उघड्या फ्रॅक्चरची प्रतवारी गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली केली, तीन प्रकार, आणि पुढे १९८४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे ए, बी, सी असे भाग पडले. दादाचं ३ बी, म्हणजे हाड झाकायला तिथली कातडी पुरत नाही, दुसरीकडून मांस आणून झाकावं लागतं. पहिल्या रात्री कातडी ओढून टाके घातले होते ते यासाठीच चुकीचं ठरलं. अशा जखमेत पहिलं अँटिबायोटिक जितकं लवकर, शक्यतो पहिल्या तासात, आणि मेलेलं सगळं काढून नीट धुणं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

आता ज्या दिवसाबद्दल मला खरंतर लिहायचंय तो दिवस. आठवड्यातून एकदा त्यांची मोठी मीटिंग असायची, अवघड पेशंट सगळ्या युनिटसमोर ठेवायचे. दादाला व्हीलचेअरवर घेऊन गेले, मला पण येऊ दिलं. वीस-पंचवीस डॉक्टर, भिंतीवर दादाचे एक्स-रे. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख मॅडम आधी दादाजवळ येऊन खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यासमोरच बोलणार आहोत आम्ही, पाय काढण्याबद्दलही बोलू. नको वाटलं तर आत्ता सांगा, बाहेर बसवतो." दादा म्हणाला, बोला, मला ऐकायचंय.

मग त्यांनी एका रेसिडेंटला उभं केलं आणि म्हणाल्या, तू पाय काढण्याच्या बाजूने बोल. माझ्या पोटात गोळा आला. पण तो मुलगा नीट बोलला, दादाकडे बघून बोलला. म्हणाला, पाय वाचवायचा तर वर्षभर ऑपरेशनं, दुखणं, काम बंद, आणि एवढं करून हाड जुळलंच नाही किंवा इन्फेक्शन परत आलं तर शेवटी पाय काढावा लागेल, त्यापेक्षा आता गुडघ्याखाली काढला तर चांगल्या कृत्रिम पायावर तीन-चार महिन्यांत चालता येईल, गुडघा स्वतःचा असल्यामुळे चाल पण चांगली राहील. दुसरीला सांगितलं, तू पाय ठेवायच्या बाजूने. ती म्हणाली, तळपायाला संवेदना आहे, रक्तपुरवठा चांगला आहे, घोटा हलतोय, वय कमी आहे, आणि गेलेल्या हाडाची जागा भरायचे मार्ग आहेत. मग त्या मार्गांवर चर्चा. एक मास्केलेची पद्धत, म्हणजे पोकळीत आधी औषध घातलेलं सिमेंट ठेवायचं, त्याभोवती शरीर एक पडदा तयार करतं, काही आठवड्यांनी सिमेंट काढून त्या पडद्याच्या पिशवीत कमरेच्या हाडाचा चुरा भरायचा. दुसरा इलिझारोव्हचा, हाड सरकवायचा. वाद झाला बऱ्यापैकी. एक सीनियर सर दुसऱ्या मॅडमना सरळ म्हणाले की मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आकडे देऊन सांगितलं.

मी आजवर डॉक्टरांना एकमेकांशी असं वाद घालताना पाहिलं नव्हतं. आधीच्या हॉस्पिटलात एकच माणूस ठरवायचा आणि ते बंद दाराआड ठरायचं. इथे शिकवायचं म्हणून प्रत्येक निर्णयाचं कारण मोठ्याने बोलावं लागत होतं, कारण समोर बसलेल्या पोरांना ते कळायला हवं होतं. आणि मोठ्याने बोललं गेलं म्हणून ते आम्हालाही ऐकू आलं. मैत्रिणीला मी हेच सांगितलं, शिकाऊ डॉक्टर असतात याची भीती वाटते ना, पण ते असतात म्हणूनच तिथे "का" हा शब्द दिवसभर कानावर पडतो.

शेवटी मॅडम दादाला म्हणाल्या, आमचं मत पाय ठेवावा असं आहे, पण वर्ष तुमचं जाणार आहे, तेव्हा ठरवायचं तुम्ही. आज उत्तर नको. आणि एक अट, सिगारेट पूर्ण बंद, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड भरायला उशीर होतो. दादाने तीन दिवस घेतले. मग हो म्हणाला.

पहिल्या ऑपरेशनमध्ये रॉड काढला, पाच नमुने घेतले आणि मेलेलं हाड कापत गेले, जिथे हाडातून रक्ताचे बारीक बारीक ठिपके दिसायला लागतात तिथपर्यंत. जिवंत हाड असं ओळखतात. पाच सेंटिमीटर हाड गेलं. पोकळीत औषधी सिमेंट, प्लास्टिक सर्जननी पोटरीतला एक स्नायू फिरवून पुढे आणला आणि जखम झाकली, त्यावर मांडीची कातडी लावली, बाहेरून हाड धरून ठेवायला तात्पुरता फिक्सेटर. नमुन्यांच्या रिपोर्टप्रमाणे सहा आठवडे अँटिबायोटिक. यावेळी रिपोर्टमध्ये जो जंतू आला तो आधीच्या एकाही स्वॉबमध्ये नव्हता! सात महिने आम्ही भलत्याचंच औषध खात होतो.

मग इलिझारोव्ह. या माणसाबद्दल मी इतकं वाचलंय की आता घरातलाच वाटतो. गाव्रील इलिझारोव्ह, सायबेरियातल्या कुर्गानमधला डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धानंतर हातापायांची हाडं न जुळलेले किती तरी सैनिक, साधनं तुटपुंजी, आणि त्याने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला धातूच्या रिंगा, तारा आणि नटबोल्ट वापरून हे उपकरण बनवलं. असं सांगतात की हाडं एकमेकांवर दाबायची म्हणून नट फिरवायला सांगितले होते, ते एका पेशंटने उलटे फिरवले, फट वाढली, आणि एक्स-रेत त्या फटीत नवीन हाड धरलेलं दिसलं. त्यावर त्याने वर्षानुवर्षं काम करून सिद्ध केलं की हाड हलक्या हाताने, ठरावीक वेगाने ओढलं तर शरीर स्वतःच नवीन हाड तयार करतं, सोबत कातडी, नसा, रक्तवाहिन्याही वाढतात. व्हॅलेरी ब्रुमेल नावाचा उंच उडीचा खेळाडू होता, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. १९६५ मध्ये त्याचा मोटरसायकलवर अपघात होऊन पाय मोडला, किती तरी ऑपरेशनं झाली, हाड जुळेना, आणि १९६८ मध्ये इलिझारोव्हने त्याच्यावर उपचार केले. तो परत उड्या मारायला लागला. ही गोष्ट दादाला त्या तिसऱ्या वर्षाच्या मॅडमनी सांगितली, मुद्दाम, मोटरसायकल म्हणून. दादाने ती पुढे वॉर्डातल्या प्रत्येक नव्या पेशंटला सांगितली. बाहेरच्या जगात ही पद्धत पोचायला मात्र १९८० उजाडावं लागलं, कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक कुर्गानला जाऊन पाय बरा करून आला आणि १९८१ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी इलिझारोव्हला व्याख्यानाला बोलावलं. म्हणजे एक पेशंट चालत घरी आला म्हणून डॉक्टर शिकायला बसले.

रिंग बसवायच्या ऑपरेशनआधी मी लेक्चरर सरांना थेट विचारलं, ऑपरेशन कोण करणार? ते चिडले नाहीत. म्हणाले, वरचं चांगलं हाड कापायचं (त्यातलाच तुकडा पुढे खाली सरकवायचा असतो) काम मी करणार, तारा रेसिडेंट घालेल आणि मी शेजारी उभा असेन, प्रत्येक तार घालण्याआधी ती मला सांगेल की तार कुठून शिरेल, कुठून निघेल आणि वाटेत काय आहे. दादाला कमरेत भूल दिली होती त्यामुळे तो जागा होता आणि त्याने हे सगळं ऐकलं. आधी सगळे थांबले, पेशंटचं नाव, कोणता पाय, कोणतं ऑपरेशन, ॲलर्जी काय, अँटिबायोटिक दिलं का, हे मोठ्याने वाचलं. ही चेकलिस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली, भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून बाहेर नेण्याआधी अशी तीनदा वाचायची असते. मग तारा. १.८ मिलिमीटरची तार, हाडाच्या आरपार, आणि पलीकडे गेली की ड्रिल थांबवून हातोडीने हळूहळू ठोकत बाहेर काढायची, म्हणजे नस गुंडाळली जात नाही. दादा म्हणतो की सर पडद्यापलीकडून विचारत होते "इथे काय आहे?" आणि रेसिडेंट मॅडम नसांची नावं घेत होत्या, एकदा त्या अडल्या तर सरांनी तार परत काढायला लावली आणि पायाच्या आडव्या छेदाचं चित्र दाखवायला सांगितलं. वेळ जास्त लागला हे खरं. पण एखाद्या सराईत हाताने गप्प राहून घातलेल्या तारेपेक्षा मला ती बोलून घातलेली तार जास्त भरवशाची वाटते. नंतर रिंगेला तारा १३० किलोपर्यंत ताणून बसवतात, सायकलच्या चाकाच्या तारांसारख्या, म्हणून तर त्या बारीक तारांवर माणूस वजन टाकून चालू शकतो.

मग सात दिवस काहीच करायचं नाही, कापलेल्या जागी नवीन पेशी जमू द्यायच्या. आठव्या दिवसापासून नट फिरवायचा. दिवसाला एक मिलिमीटर, तोही एकदम नाही, पाव पाव करून चार वेळा. पहाटे सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. हाडाचा मधला तुकडा वरून खाली सरकत जातो, खालची पोकळी कमी होते आणि वर मागे जी फट पडते त्यात नवीन हाड धरतं. घाई केली तर फट रिकामी राहते, आळस केला तर हाड वेळेआधी जुळून बसतं आणि पुढे सरकतच नाही. सिस्टरनी मला नट दाखवला, मग म्हणाल्या आता तुम्ही मला शिकवा. मी शिकवलं. दिशा चुकले. परत. तीन दिवस त्यांच्यासमोर फिरवून दाखवला तेव्हा घरी सोडलं. पन्नास दिवस, दोनशे वेळा. एकदाही चुकले नाही, वहीत प्रत्येकाची वेळ आहे.

वॉर्डातली एक रात्र सांगायलाच हवी. शेजारच्या पलंगावर एकोणीस वर्षांचा मुलगा, गुडघ्याखाली फ्रॅक्चर, सकाळी ऑपरेशन ठरलेलं. रात्री दीडच्या सुमारास तो कण्हायला लागला, इंजेक्शन दिलं तरी कमी नाही. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट आला, डोळे सुजलेले, दोन दिवसांत झोपला नसेल. त्याने पोटरी दाबून बघितली, दगडासारखी. मग मुलाच्या पायाची बोटं हळूच वर-खाली केली आणि पोरगा किंचाळला. रेसिडेंटने तिथूनच फोन लावला, "मॅडम, कंपार्टमेंट वाटतंय," मुलाचे वडील म्हणत होते की नाडी तर लागतेय ना, आधीच्या डॉक्टरने नाडी बघून ठीक म्हटलं होतं. तो फोन कानाला धरूनच म्हणाला, काका, नाडी लागते तरी स्नायू मरू शकतो. पाऊण तासात मुलगा ओटीत होता.

दुसऱ्या दिवशी राउंडला हेच शिकवलं आणि मी ऐकलं. पायाचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यात असतात, आत सूज आली की कप्पा ताणत नाही, दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, काही तासांत स्नायू आणि नसा कायमच्या जातात. उपाय एकच, कप्पे चिरून मोकळे करायचे. पहिली खूण म्हणजे फ्रॅक्चरच्या मानाने जास्त दुखणं आणि बोटं ताणली की जीव जाणं. नाडी जाणं हे फार उशिराचं लक्षण. तुमच्या माणसाचं प्लास्टर घातल्यावर दुखणं वाढतच जात असेल आणि गोळीने कमी होत नसेल तर सकाळची वाट बघू नका, एवढं लक्षात ठेवा. सरांनी त्या रेसिडेंटला सगळ्यांसमोर "बरोबर ओळखलंस" म्हटलं, तो एवढंसं हसला.

सगळं छान होतं असं नाही. रेसिडेंटच्या ड्युट्या बदलल्या त्या आठवड्यात दादाच्या ड्रेसिंगची सूचना पुढच्याला सांगितलीच गेली नाही, दोन दिवस तारांच्या तोंडाशी साफसफाई झाली नाही आणि तिथे लालसर होऊन चिकट पाणी यायला लागलं. वहीत तारीख होती म्हणून मी दाखवू शकले. त्यांनी कबूल केलं, पण कबूल करायलाही कोणीतरी बोट दाखवावं लागलं. आणि दिवसाला आठ-आठ विद्यार्थी पाय बघायला यायचे. विचारून यायचे, दादा बहुतेक वेळा हो म्हणायचा, पण ज्या दिवशी दुखत असेल त्या दिवशी नाही म्हणायचा, आणि नाही म्हटल्याने उपचारात काडीचाही फरक पडला नाही. हा हक्क आहे पेशंटचा. शिवाय ती पोरं ज्या थकव्यात काम करतात ते बघवत नाही, त्यांना झोप मिळायला हवी हे पेशंटच्या नातेवाइकांनीही बोललं पाहिजे.

पन्नास दिवसांनी तुकडा खाली टेकला. पण टेकलेली टोकं आपोआप जुळतातच असं नाही, म्हणून तिथे कमरेच्या हाडाचा थोडा चुरा घातला. त्यानंतर नुसती वाट. सरकवायला पन्नास दिवस, पण नवीन हाड पक्कं व्हायला त्याच्या कितीतरी पट. नडगीत एका सेंटिमीटरमागे रिंग दीड महिना किंवा थोडी जास्तच ठेवावी लागते, असा ढोबळ हिशोब त्यांनी सांगितला होता आणि दादाची साडेआठ महिने राहिली. एक्स-रेत आधी काहीच नाही, मग धुरासारखं, मग त्या धुरात उभ्या रेघा, मग एक दिवस कडेला पांढरी किनार. मी ते एक्स-रे खिडकीला धरून बघत बसायचे.

या काळात सगळ्यात जास्त कष्ट फिजिओथेरपिस्टने घेतले आणि त्यांचं नाव कुठल्याच कागदावर ठळक नसतं. हाड लांबवताना मागचे स्नायू ओढले जातात आणि पाऊल खाली झुकून तसंच घट्ट व्हायला बघतं. त्या रोज पट्ट्याने पाऊल वर ओढायला लावायच्या, दादा ओरडायचा, त्या थांबायच्या, पाणी द्यायच्या, परत ओढायच्या. रिंग असताना चालायला पण त्यांनीच लावलं, भार पडला तरच हाड भरतं म्हणून. आज दादाचं पाऊल सपाट टेकतं ते त्यांच्यामुळे.

दर महिन्याला ओपीडीत त्याच दिवशी वाकड्या पायाच्या बाळांचा क्लिनिक असायचा. दादा रिंग घेऊन बाकावर आणि शेजारी इवलेसे पाय प्लास्टरमध्ये. इग्नासिओ पोन्सेटी नावाच्या डॉक्टरने अमेरिकेत आयोवाच्या विद्यापीठातल्या हॉस्पिटलात ही पद्धत बसवली, आठवड्याला एक याप्रमाणे पाच-सहा प्लास्टरं, प्रत्येक वेळी पाय हाताने थोडासा वळवायचा, शेवटी टाचेमागचा स्नायूचा दोर (टेंडन) छोटासा कापायचा आणि मग चार-पाच वर्षांपर्यंत रात्री बूट. मोठी ऑपरेशनं करायची सवय लागलेल्या सर्जन लोकांनी कित्येक वर्षं तिकडे लक्षच दिलं नव्हतं म्हणे. एक आई रडत होती, बुटांनी बाळ झोपत नाही म्हणून. दादाने तिला स्वतःच्या रिंगेवर हात ठेवायला लावला आणि म्हणाला, "ताई, हळूहळूच होतं हे, पण होतं."

रिंग निघाल्यावर तीन महिन्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. रेसिडेंटच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, केस म्हणून बसाल का? दादा लगेच हो म्हणाला. मी सोबत गेले. पडद्याआड पलंग, एक अनोळखी मुलगा आला, दुसऱ्या कॉलेजचा, हात थरथरत होते. त्याने नाव सांगितलं, पाय बघू का असं विचारलं, आणि हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. मग गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टेप लावून मोजलं, दुसरा पाय मोजला, परत पहिला मोजला. परीक्षक आले तेव्हा त्याने सांगितलं, चार मिलिमीटर आखूड. परीक्षकांनी विचारलं, का वाचवला असेल हा पाय? तो बोलायला लागला, तळपायाची संवेदना, रक्तपुरवठा, वय... दादा डोळे मिटून ऐकत होता आणि एकेका मुद्द्याला चादरीखाली अंगठा हलवत होता.